पुलावरची ओत्सू आणि काबूलचे नेताजी

चित्रपट संपला. दिवा लावला तरी मामा खुर्चीतून हलेनात. मग म्हणाले, "म्हणजे पोरीला पुलावर उभी करून हा निघून गेला. आणि तू मला सांगतेस, याला स्वतःचा शोध लागला!"

आषाढी नुकतीच झाली होती. रविवार होता. आमच्या खारघरच्या घराच्या खिडकीतून एरवी डोंगर अगदी समोर दिसतो, पण त्या दिवशी पावसानं सकाळपासून तो पुसून टाकला होता. मध्येच ढग सरकला की कड्यावरून उतरणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या रेघा दिसत आणि पुन्हा झाकल्या जात. मामा महिनाभरापासून आमच्याकडे होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, नवा चष्मा अजून मिळायचा होता. वाचन बंद म्हणजे मामांना उपास. एसटीत बत्तीस वर्षं गाडी चालवली आणि प्रत्येक मुक्कामाला पिशवीत एक बखर किंवा कादंबरी ठेवली, असा हा माणूस. मी जपानी शिकवते. म्हणून ठरवलं की त्यांना एक जपानी चित्रपट दाखवायचा आणि संवाद मराठीत सांगत जायचं.

हिरोशी इनागाकी यांचा 1954 सालचा 'मियामोतो मुसाशी'. तोहो कंपनीचा, रंगीत, दीड तासाचा. पुढच्या दोन वर्षांत याचे आणखी दोन भाग आले आणि तिन्ही मिळून 'सामुराई' त्रयी म्हणून जगभर ओळखले जातात. या पहिल्या भागाला परदेशी चित्रपटासाठीचा मानाचा ऑस्कर मिळाला. एइजी योशिकावा यांची कादंबरी 1935 ते 1939 या काळात 'आसाही शिंबुन' या दैनिकात रोज थोडी थोडी छापून येत होती, तिच्यावरून हा बेतलेला. मी हा चित्रपट वीसेक वेळा पाहिला असेन. मामांनी पहिल्यांदाच पाहिला आणि पहिल्याच वाक्यात माझी बोलती बंद केली.

"मामा, ते एवढंच नाहीये," मी म्हटलं. "तो आधी काय होता ते बघा ना. ताकेझो. गावातला दांडगट पोरगा. ना आईबाप, ना कुणाची माया. नाव कमवायचं म्हणून मित्राला घेऊन सेकिगाहाराच्या लढाईत जातो. 1600 सालची लढाई, जपानचं पुढचं अडीचशे वर्षांचं राज्य तिथं ठरलं. आणि हे दोघं हरणाऱ्या बाजूला. मित्र माताहाची एका बाईच्या घरी राहून जातो, हा गावाकडे येतो तर अख्खं गाव काठ्या घेऊन मागे लागतं. जनावरासारखा डोंगरात लपतो, माणसं मारतो. अशा माणसाला ताकुआन नावाचा भिक्षू पकडतो."

"तो भिक्षू मला आवडला," मामा म्हणाले. "तलवार नाही, काठी नाही. रानात शेकोटी पेटवली, वर भांडं ठेवलं आणि वाट बघत बसला. भुकेला माणूस वासावर येणारच. आणि मग झाडाला टांगला, तेही बरोबर केलं. सत्तर माणसं जे करू शकली नाहीत ते त्यानं आमटीवर केलं."

"मग भांडण कशाचं?"

"भांडण पुढचं. टांगलेल्याची दोरी कोणी सोडली? ओत्सूनं. तिचं लग्न कुणाशी ठरलं होतं? त्या माताहाचीशी. तो तिला टाकून दुसरीकडे राहिला. म्हणजे एकदा ती टाकलेलीच होती. मग हिनं या ताकेझोला सोडवला, त्याच्यासाठी घरदार सोडलं, तीन वर्षं त्या पुलाजवळच्या दुकानात काम करत त्याची वाट पाहिली. तो आला. ती म्हणाली, मला घेऊन चल. हा थांब म्हणाला. ती सामान आणायला गेली, आणि परत येते तर पुलाच्या कठड्यावर कोरलेली अक्षरं. क्षमा कर म्हणून. दोनदा टाकली की गं तिला!"

इतक्या वेळा पाहूनही हे 'दोनदा' माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी कायम ताकेझोच्या मागून चालत आले होते. मामा पुलावर ओत्सूपाशी थांबले होते.

पण मी हार मानायला तयार नव्हते. माझ्या दृष्टीनं या चित्रपटाचा गाभा पुलावर नाही, त्याआधीच्या खोलीत आहे. ताकुआन त्याला फसवून हिमेजीच्या किल्ल्यात नेतो आणि वरच्या एका अंधाऱ्या खोलीत कोंडतो. सोबत फक्त पुस्तकं. तीन वर्षांनी दार उघडतं तेव्हा बाहेर येणारा माणूस वेगळा असतो. तोशिरो मिफुने हा नट इथं काय करतो ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या तासात त्याचे डोळे एका जागी ठरत नाहीत, मान सारखी फिरते, श्वास ऐकू येतो. खोलीतून बाहेर आल्यावर तो नुसता उभा राहतो. त्याच वर्षी कुरोसावांच्या 'सेव्हन सामुराई'मध्ये याच नटानं शेतकऱ्याचा मुलगा असून सामुराई असल्याची बतावणी करणारा किकुचियो केला होता. तिथं शेवटपर्यंत उड्या, ओरडणं, खाजवणं. त्याच नटाचं हे उभं राहणं पाहिलं की तीन वर्षं सांगायला वेगळा प्रसंग लागत नाही.

मी मामांना नावाची गंमत सांगितली. जपानी लिपीत ताकेझो आणि मुसाशी ही दोन नावं नाहीतच. तीच दोन चिन्हं. एका पद्धतीनं वाचली तर ताकेझो, दुसऱ्या पद्धतीनं वाचली तर मुसाशी. मियामोतो हे त्याच्या गावाचं नाव. म्हणजे खोलीतून बाहेर आलेल्या माणसाला नवं नाव मिळतं ते बाहेरून आणलेलं नसतं. त्याच्याच जुन्या नावात ते होतं, फक्त कुणी तसं वाचलं नव्हतं.

मामांनी हे ऐकून मान हलवली. "हे छान आहे. पण एक विचारू? पुस्तकं वाचून कुणी शूर होतं का?"

"शूर तो आधीच होता, मामा. शौर्य सोडून बाकी सगळं यायचं राहिलं होतं."

"ते यायला खोलीत कोंडावं लागतं? आपले मावळे कुठल्या खोलीत शिकले? दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, मोहिमेवर जायचं, पावसाळा तोंडावर आला की घरी येऊन भाताची लावणी करायची. गडावर गस्त, शेतात औत. त्यांना कोण मी, कोण मी म्हणून हिंडायला सवड होती? माणूस दहा जणांत राहून, दहा जणांचं ऐकून घडतो. तुझा मुसाशी एकटा. त्याचं काय ते जपानी नाव सांगितलंस?"

"मुशा-शुग्यो. योद्ध्याची भ्रमंती. गावोगाव हिंडायचं, जाणत्यांशी सामना करायचा, शिकायचं."

"हां. आणि आपल्याकडे वारी. तीसुद्धा चालतच जायची. पण वारकरी पंढरपुरात राहत नाही. द्वादशीचं पारणं सोडतो आणि घराकडे वळतो. घरी म्हातारी वाट बघत असते, पेरलेलं वर आलेलं असतं. जाणं आणि येणं दोन्ही मिळून वारी होते. हा नुसता गेला."

माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते मी दिलं. खऱ्या मुसाशीनं आयुष्यभर लग्न केलं नाही, हे खरं. पण तो भटकण्यातच संपला नाही. 1612 मध्ये एका बेटावर सासाकी कोजिरोशी त्याची गाजलेली लढत झाली. लोक सांगतात की वल्ह्याचं लाकूड तासून केलेली तलवार घेऊन तो उतरला. उतारवयात कुमामोतोच्या होसोकावा घराण्याच्या आश्रयाला राहिला, चित्रं काढली, आणि 1643 मध्ये तिथल्या रेइगान गुहेत बसून आपली विद्या पाच भागांच्या ग्रंथात लिहायला घेतली. 1645 मध्ये वारला. म्हणजे अखेरीस त्यानंही कुणाला तरी काही देऊनच डोळे मिटले.

"1645," मामा म्हणाले. "तेव्हा महाराज पंधरा वर्षांचे."

ही मामांची सवय. जगातलं कुठलंही साल सांगा, ते शिवाजी महाराजांच्या वयाशी लावून पाहतात. एसटीच्या रस्त्यावरचे मैलाचे दगड जसे पाठ, तशी ही सालं पाठ.

मग मी माझ्या मनातलं बोलले. "मामा, मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे किती शिवकालीन चित्रपट आले. फर्जंद, फत्तेशिकस्त, पावनखिंड, सरसेनापती हंबीरराव, सुभेदार. थिएटरं भरली, लोक रडले. मीही रडले. पण या सगळ्यांत योद्धा पहिल्या चौकटीत येतो तो पुरा तयार होऊन येतो. मोठा झालेलाच येतो. मुरारबाजी आधी जावळीच्या मोऱ्यांकडे होते ना? महाराजांच्या विरुद्ध लढले होते. बाजीप्रभू बांदलांचे दिवाण, आणि बांदलांचं महाराजांशी आधी वैरच होतं. मग एका दिवशी ही माणसं इकडची तिकडे झाली. त्या रात्री त्यांना झोप लागली असेल? बायकोला काय सांगितलं असेल? ती रात्र मला पडद्यावर कधी दिसली नाही."

"दाखवून काय मिळवायचं?"

"तोच तर ताकेझो आहे, मामा! जपान्यांनी बघा काय केलं. 1945 ला देश हरला, बेचिराख झाला. अमेरिकी अंमल होता तोवर सामुराईपटांवर बंधनं होती. तो 1952 ला संपला. हेच इनागाकी युद्धाच्या दिवसांतही मुसाशीवर चित्रपट करून बसले होते. हरल्यानंतर नऊ वर्षांनी तेच पुन्हा मुसाशीकडे गेले, आणि तो हरलेल्या सैनिकापासून सुरू झाला. चिखलात पडलेला, हाकलून लावलेला. आपण मात्र जिंकण्यापासूनच सुरू करतो."

"हे तुझं खोटं," मामा ताडकन म्हणाले. "पानिपत कोणी लिहिलं? विश्वास पाटलांनी. 1988 साली. आमच्या डेपोत त्या पुस्तकाची एक प्रत होती, तिची पानं सुटेपर्यंत वाचली लोकांनी. हरलेल्यांचीच गोष्ट ती. मराठी माणूस हरलेल्यांसाठी जितका रडतो तितका जिंकलेल्यांसाठी रडत नाही."

हे मला मान्य करावं लागलं. कादंबरीनं जे केलं ते आपल्या पडद्यानं केलं नाही, एवढंच माझं म्हणणं उरलं. पण मामांचा आवाज चढला होता. मी चहा ठेवायला उठले. स्वयंपाकघरातून मी म्हटलं, आणि खरं सांगते, सहज म्हटलं:

"तुमच्या चौकचेच घ्या ना. नेताजी पालकर. त्यांच्यावर करायला हवा असा चित्रपट."

बाहेरून काहीच आवाज आला नाही. चहा घेऊन आले तर मामा खिडकीकडे तोंड करून बसले होते.

चौक हे आमचं आजोळ. पनवेल सोडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं निघालं की अर्ध्यापाऊण तासात लागतं, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या अंगाला. नेताजी पालकर तिथले, असं तिकडची माणसं अभिमानानं सांगतात. स्वराज्याचे सरनौबत. प्रतिशिवाजी म्हणत त्यांना. अफजलखानाच्या वेळी प्रतापगडाखालच्या रानात खानाच्या फौजेवर तुटून पडले ते. हे सगळं मामांनीच मला लहानपणी सांगितलं होतं. पुढचं मात्र मी मोठी झाल्यावर पुस्तकात वाचलं.

"तू पुढचं दाखवणार," मामा म्हणाले. "पन्हाळा. जानेवारी 1666. महाराज पन्हाळ्यावर चालून गेले, नेताजी वेळेवर पोचले नाहीत, हल्ला फसला. महाराजांनी दूर केलं. नेताजी विजापूरकरांकडे गेले, तिथून मिर्झाराजानं मोगलांकडे ओढले. हेच दाखवणार ना?"

"दाखवायलाच लागेल."

"मी तालुक्याच्या शाळेत होतो. बोर्डिंगात. कुठला म्हणून विचारलं तर चौकचा म्हणून सांगायचो छाती काढून. एकदा इतिहासाच्या तासाला हा धडा झाला. त्या दिवसापासून वर्षभर पोरं मला 'उशिरा आलेला' म्हणून हाक मारायची. तासाला मिनिटभर उशीर झाला की सगळा वर्ग हसायचा. गुरुजीही हसायचे. बाय, तू पडद्यावर दोन तास दाखवशील. लोक बाहेर येताना एकच गोष्ट घेऊन येतील, की हा सोडून गेला होता. पुढचं कुणी लक्षात ठेवत नाही."

साठ वर्षांपूर्वीची ती हाक मामांच्या आवाजात अजून होती. बत्तीस वर्षांत ज्यांची गाडी कधी उशिरा सुटली नाही म्हणून डेपोत नाव होतं, त्या माणसाला मी त्या क्षणी नव्यानं पाहिलं.

मी थोड्या वेळानं विचारलं, "मग पुढचं तुम्ही सांगा."

आणि मामांनी सांगितलं. ऑगस्ट 1666 मध्ये महाराज आग्र्याहून निसटले. औरंगजेबाला धास्ती पडली की दक्षिणेतला नेताजीही आता जाऊन मिळेल. त्यानं नेताजींना पकडून उत्तरेत आणवलं. 1667 मध्ये धर्मांतर करायला लावलं, नाव दिलं मुहम्मद कुलीखान, आणि काबूलकडे रवाना केलं. वाटेत लाहोरच्या आसपास निसटायचा प्रयत्न केला आणि पकडले गेले, असंही सांगतात. मग तिकडच्या डोंगरात, बर्फात, परक्या भाषेत वर्षांमागून वर्षं. 1676 मध्ये मोगलांनी त्यांना पुन्हा दक्षिणेत पाठवलं, आणि नेताजी थेट महाराजांकडे आले. त्याच वर्षी जूनमध्ये विधिपूर्वक त्यांना परत स्वधर्मात घेतलं.

"मोजा," मी म्हटलं. "पकडल्यापासून परत येईपर्यंत किती वर्षं?"

"नऊ. जवळजवळ दहा."

"मुसाशीची तीन वर्षांची खोली योशिकावांनी कल्पनेनं बांधली, मामा. खऱ्या मुसाशीला झाडाला टांगल्याचा, किल्ल्यात कोंडल्याचा काही पुरावा नाही. तो आणि ताकुआन भेटले होते, यालाही पुरावा नाही. इतिहासात एक रिकामी जागा होती, तिथं कादंबरीकारानं एक अंधारी खोली ठेवली. आपल्याकडे खोली खरी आहे. नऊ वर्षांची. आणि आत काय झालं ते कुणी लिहिलेलं नाही. नावाचं बघा. ताकेझोचं नाव नव्यानं वाचलं गेलं. नेताजींचं नाव हिसकावून घेतलं, वर दुसरं चिकटवलं. नऊ वर्षं त्या दुसऱ्या नावानं हाक मारली की वळून पाहायचं, आणि आतलं नाव पुसू द्यायचं नाही. याच्यापुढे झाडाला टांगणं काहीच नाही."

मामा ऐकत होते. मी पुढे बोलत राहिले, कारण मला थांबवत नव्हतं. "आणि ते परत आले तेव्हा इथं काय होतं? 1674 च्या 6 जूनला रायगडावर राज्याभिषेक झाला. नेताजी तिथं नव्हते. ज्या स्वराज्यासाठी रक्त सांडलं त्याला छत्र मिळालं आणि हा माणूस हजारो कोसांवर दुसऱ्या नावानं जगत होता. त्यांच्या जागी प्रतापराव गुजर सरनौबत झाले, ते 24 फेब्रुवारी 1674 ला नेसरीला पडले. त्यांच्या जागी हंबीरराव मोहिते आले. म्हणजे नेताजी आले तेव्हा त्यांच्या खुर्चीवर दुसरा नाही, तिसरा माणूस बसला होता. पुन्हा सरनौबत होणार नाही हे त्यांना कळत नव्हतं? तरी आले. मोगलांकडे मनसब होती, ती सोडून आले."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "पद मिळणार नाही हे माहीत असून आले."

"हो."

"मग बाय, हे तुझ्या मुसाशीच्या उलटं झालं. तो मोठा व्हायला घर सोडून गेला. हे मोठेपण सोडून घरी आले."

"म्हणूनच म्हणते, दाखवायला हवं."

"थांब. मी अजून हो म्हटलेलं नाही." मामांनी बोट वर केलं, गाडीत कुणी पुढच्या दारानं चढायला लागलं की ते असंच बोट वर करायचे. "तू सगळं नेताजींच्या आतलं सांगतेस. त्यांना काय वाटलं, त्यांना काय उमगलं. परत येण्याला दुसरी बाजू लागते. दार उघडणारा लागतो. महाराजांनी दार उघडलं नसतं तर तुझे नेताजी पुलावरच राहिले असते. त्या काळात असं परत घेणं सोपं होतं का? बजाजी निंबाळकरांना घेतलं, आपली लेक सखुबाई त्यांच्या घरात दिली, म्हणून लोकांची तोंडं बंद झाली. महाराजांनी नेताजींना दहा वर्षांपूर्वी स्वतः दूर केलं होतं. चुकलं असं वाटलं असेल का त्यांना? तेही दाखवशील?"

मी गप्प झाले. मी नेताजींना हिमेजीच्या खोलीत बसवलं होतं आणि खोलीचं दार आतून उघडतं असं धरून चालले होते. इनागाकींच्या चित्रपटातही दार बाहेरूनच उघडतं. ताकुआन येऊन उघडतो. इतक्या वेळा पाहून हेही मी नीट पाहिलं नव्हतं.

"तेही दाखवायला हवं," मी म्हटलं. "महाराजांनाही त्या दिवशी काहीतरी ओलांडावं लागलं असेल."

"आणि तिसरं." मामा आता उठून खिडकीशी गेले. "वाट बघणारे. ओत्सूची तीन वर्षं तुझ्या त्या दिग्दर्शकानं दोनचार प्रसंगांत उरकली. पूल, दुकान, पाणी. बस. पुरुषाला खोली दिली, बाईला नुसती वाट बघायला लावली. आपल्याकडे तसं नको. ज्या घरातला माणूस नऊ वर्षं काबूलला होता, त्या घरात काय बोलत असतील? मुलांना पोरं काय म्हणत असतील? मला वर्षभर एक हाक सहन होत नव्हती. त्यांनी नऊ वर्षं ऐकली असेल."

पाऊस थोडा उघडला होता. खाली उत्सव चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रिक्षा पुन्हा दिसायला लागल्या होत्या. मी मामांना म्हटलं की यातलं बरंच कल्पनेनं भरावं लागेल, कारण कागदपत्रं थोडी आहेत. मग तुम्हीच म्हणाल, खोटं दाखवलं.

"कल्पनेनं भरलंय असं आधी सांगा, मग भरा," मामा म्हणाले. "जपान्यांनी कादंबरी म्हणूनच लिहिली ना? तसं सांगून लिहा. आपल्याकडे कल्पना करतात आणि वर इतिहास म्हणून शपथ घेतात, तिथं माझं डोकं फिरतं. आणि पन्हाळ्याला उशीर का झाला, ते मात्र कल्पनेनं लिहू नका. कुणाला माहीत नाही तर माहीत नाही असंच राहू दे. तिथं कारण घालून त्यांना सोडवायला जाऊ नका. मला त्यांना सोडवून नको आहे. मला ते परत आलेले हवेत."

एवढं बोलून त्यांनी मला पुन्हा तो पुलाचा प्रसंग लावायला सांगितला. या वेळी मी भाषांतर केलं नाही. मामांनीही विचारलं नाही. ओत्सू गाठोडं घेऊन लगबगीनं येते, पूल मोकळा असतो, तिचा हात कठड्यावरून सरकत जातो आणि एका जागी थांबतो. मामा डोळा पुसत म्हणाले, ऑपरेशनचा डोळा आहे, पाणी येतं.

या चित्रपटाच्या गुणदोषांबद्दल माझं मत आता आधीसारखं राहिलेलं नाही. दांडगट पोरापासून योद्ध्यापर्यंतचा प्रवास इतक्या नितळपणे सांगणारे चित्रपट जगात थोडे आहेत, आणि ताकेझोच्या झाडावरच्या त्या रात्रीसाठी तो प्रत्येकानं पाहावा. पण पुलावर तो कमी पडतो. इनागाकींना ओत्सूचं दुःख दिसलं होतं, म्हणून तर तिच्या हाताचा तो क्षण इतका जिवंत उतरला; पण तिच्याही जवळ एक खोली आहे हे त्यांना दिसलं नाही. मामांना दिसलं.

1927 साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत केशवराव धायबरांच्या जोडीनं व्ही. शांताराम यांनी आपला पहिला चित्रपट दिग्दर्शित केला, तो मूकपट होता आणि त्याचं नाव होतं 'नेताजी पालकर'. मला तो कुठे पाहायला मिळालेला नाही. एका तरुण दिग्दर्शकाला पहिल्या कामासाठी हाच माणूस निवडावासा वाटला, याला आता शंभर वर्षं होत आली. आज शिवकालावर चित्रपट करणारी तयारीची मंडळी आपल्याकडे आहेत, पैसा आहे, प्रेक्षक आहे. त्यांना माझी आणि मामांची विनंती आहे. प्रतापगड आम्ही पाहिला आहे. आता काबूलपासून सुरुवात करा. राज्याभिषेकाची बातमी त्या डोंगरात त्यांच्या कानावर कुणी घातली असेल, तो प्रसंग लिहा. चौकच्या घराचं दार दाखवा. आणि जून 1676 चा तो दिवस घाई न करता दाखवा.